रामटेके भाऊ आणि शेडचं कुलूप

वयनी, इथं जमलेल्या माझ्या भावांनो, बहिणींनो,

मले भाषण येत नाही. गाडी चालवता येते, तेही रामटेके भाऊनं शिकवलं म्हणून. आज बोलायसाठी पोरीजवळून एक कागद लिहून आणला होता. पण इथं येऊन बसली, समोर पाहिलं, तं ज्या शेडसमोर आपण सतरंजी टाकून बसलो आहो त्या शेडले कुलूप. अन् माझ्या कागदात त्या कुलपाबद्दल एक शब्द नाही. म्हणून तो कागद पिशवीतच ठेवला. चुकलं तं सांभाळून घ्या.

जे मले ओळखत नाहीत त्यायच्यासाठी सांगते. मी मंदा बोरकर. तीन नंबरच्या घंटागाडीवर ड्रायव्हर आहे. आपल्या ठेकेदाराकडं कचरा उचलणाऱ्या सात इलेक्ट्रिक गाड्या आहेत. त्या गाड्या अन् त्यायचं हे चार्जिंग शेड, सगळं सांभाळणारा एकच माणूस होता. गोवर्धन रामटेके. वायरमन. लाखनीकडच्या गावातून पहिल्या एसटीनं भंडाऱ्याले येत, अन् आम्ही येवाच्या पहिले सातही गाड्यायची चार्जिंग पाहून ठेवत. त्यायले जाऊन आज आठ दिवस झाले. आठ दिवसांपासून हे शेड बंद आहे.

काहून बंद आहे? कारण गावात बोलून राहिले का रामटेकेले करंट लागला. चार्जिंगनं माणूस खाल्ला. कोणी म्हणते, शेडच्या मागचा तो मिठाचा खड्डा, त्यानं बळी घेतला. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले.

मी तिथं होती. ऐका माझ्याजवळून.

सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. गाड्या सगळ्या वार्डात गेल्या होत्या. माझी गाडी पहिली वापस आली. शेडचं मेन स्विच बंद होतं. गाड्या गेल्या का ते स्विच भाऊच बंद करत, सकाळीच, न चुकता. म्हणजे त्या टायमाले या शेडात करंटच नव्हता. भाऊ मागच्या खड्ड्यात पाणी टाकून आले, बादली खाली ठेवली, अन् तिच्याच बाजूले ओट्यावर बसले. छातीवर हात होता. म्हणाले, "मंदाबाई, थोडं पाणी द्या." पाणी आणेपर्यंत मान कलली होती.

मी त्यायले माझ्याच गाडीत नेलं. हो, कचऱ्याच्या गाडीत. काही लोक त्याच्यावरही बोलले. धुतलेली गाडी होती, भाऊनंच धुवायची शिस्त लावली होती, अन् समोर दुसरी गाडी नव्हती. तुमच्यापैकी कोणाच्या दारात कार उभी असन तं त्या दिवशी मले दिसली नाही.

डॉक्टरनं सांगतलं, हार्ट. कागदावर लिहून देलं. वयनी इथं बसल्या आहेत, त्यायले विचारा. दोन दिवसांपासून छातीत जळजळ होत होती अन् हा माणूस सोडा पिऊन ड्युटीवर येऊन राहिला होता. वयनी म्हणत, डॉक्टरले दाखवा. हे म्हणत, गाड्या कोण पाहीन? भाऊ, याच्यासाठी मी तुमच्यावर रागावून आहे. गाड्यायची एवढी काळजी अन् स्वतःच्या छातीची नाही. हे मी तुमच्या फोटोसमोर बोलून राहिली, कारण जिते असते तं तुम्ही ऐकून घेतलं नसतं.

आता त्या खड्ड्याची गोष्ट. हे मी आजपर्यंत कोणाले सांगतलं नाही. भाऊले माहीत होतं, मले माहीत होतं, अन् आणखी दोघी इथं बसल्या आहेत त्यायले माहीत आहे. त्यायचं नाव मी घेणार नाही.

शेड नवीन होतं. उन्हाळा होता. आम्ही चार बायका नुकत्याच स्टेअरिंगवर बसलो होतो. त्याच्या पहिले आम्ही डिझेलच्या गाड्यायवर मागं बसून कचरा निवडत होतो, धूर खात. भाऊ म्हणाले, या गाडीले क्लच नाही, गीअर नाही, हिले ड्रायव्हर मर्दच कायले पाहिजे? ठेकेदारासंग भांडून त्यायनं आम्हाले शिकवलं. भांड्याच्या दुकानायची ती बोळ आहे ना, तिथं मले चार-चार वेळा गाडी मागं घ्यायले लावली. मी रडली तं म्हणे, "रडा, पण आरशात पाहून रडा. मागं पितळेचे गुंड-घागरी ठेवून आहेत."

तं असा हा माणूस. पूजापाठ नाही, गंडादोरा नाही. बाबासाहेबायले मानणारा. अन् एक दिवस आम्ही पाहिलं, शेडच्या मागं खड्डा खोदून त्याच्यात मीठ टाकून राहिला. मिठावर कोळसा. कोळशावर पुन्हा मीठ. अन् मंग रोज सकाळी त्याच्यात बादलीभर पाणी. कोणासंग बोलत नाही, चुपचाप टाकून येते. आता सांगा, आपल्याकडं मीठ अन् कोळसा पुरताना पाहिलं तं माणसाच्या डोक्यात काय येते? करणी. आमच्याही डोक्यात तेच आलं. आम्हाले बम भेव वाटलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो आमच्या मागं सातही दिवस होता.

एका दुपारी भाऊ सामान आणायले बाजारात गेले. आम्ही तिघींनी तो खड्डा उकरला. हात जाईन तिथपर्यंत मीठ-कोळसा काढला, नालीत फेकला, माती भरली. अन् वरून एक लिंबू ठेवला. लिंबू मी ठेवला.

संध्याकाळी गाड्या चार्जिंगले लावल्या. सातही मशीनवर लाल लाईट. एकही गाडी चार्ज होत नाही. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्यात घंटागाडी निघाली नाही. घरोघरी बादल्या भरून पडल्या, मच्छीबाजारातला वास तं विचारूच नका. ठेकेदार आला. याच अंगणात, आमच्या सगळ्यायसमोर भाऊले असं बोलला का मले आजही आठवलं तं अंगावर काटा येते. अन् भाऊ काय म्हणाले? "साहेब, माझ्याकडून राहून गेलं. दुपारपर्यंत करून देतो."

त्यायले कळलं होतं. लिंबू त्यायच्या खिशात होता.

ठेकेदार गेल्यावर भाऊ फावडं अन् घमेलं घेऊन माझ्याजवळ आले. म्हणाले, "मंदाबाई, तुमच्या नखात अजून कोळसा आहे. चला." बस एवढंच. ना शिवी, ना तक्रार. खड्डा मले खोदायले लावला. मीठ मले टाकायले लावलं. अन् मी टाकत असताना सांगतलं, "हे अर्थिंग आहे. कुठं करंट चुकला, गाडीच्या पत्र्यात उतरला, तं त्याले जमिनीत जायले वाट पाहिजे. वाट नसली तं तो तुमच्या अंगातून जाईन. उन्हाळ्यात माती सुकते, वाट बंद पडते, म्हणून मीठ, म्हणून कोळसा, म्हणून पाणी. अन् वाट नाही हे मशीनले समजते. म्हणून कालपासून ते लाल लाईट देऊन राहिलं. तुमचा जीव वाचवून राहिलं ते, अन् तुम्ही त्याच्यावर लिंबू ठेवला."

मले लाज वाटली. आजही वाटते. पण त्या दिवसापासून माझं भेव गेलं.

आता मले सांगा, ज्या खड्ड्यात हा माणूस आमचा जीव वाचावा म्हणून पाणी टाकत होता, त्या खड्ड्यानं त्याचा बळी घेतला म्हणता? हातच्या कंकणाले आरसा कायले पाहिजे? स्विच बंद होतं. डॉक्टरचा कागद आहे. तरी कुलूप आहे.

अन् कुलूप लागलं तं कोणाचं भलं झालं? जुन्या डिझेलच्या गाड्या वापस निघाल्या. त्यायच्या स्टेअरिंगवर जुने ड्रायव्हर बसले. आम्हाले सांगतलं, बायांनो, मागं बसा, कचरा निवडा, पुढचं पुढं पाहू. आठ दिवस आम्ही मागं बसलो. सुतक पाळतो तसे गप बसलो. कारण घरातला माणूस गेला होता. पण आज ते संपलं.

सुपरवायझर साहेब, तुम्ही समोरच बसले आहात. तुम्ही वाईट माणूस नाही. तुम्ही भेले, म्हणून कुलूप लावलं. मी पण भेली होती, अन् माझ्या भेण्यानं गावाचा कचरा रस्त्यावर आला अन् एका भल्या माणसाले शिव्या खाव्या लागल्या. भेवाची सजा दुसऱ्यानंच भोगली. म्हणून तुम्हाले हात जोडून सांगून राहिली, अन् हात जोडले म्हणजे आम्ही वाकलो असं समजू नका. आम्ही चौघी उद्या डिझेलच्या गाडीच्या मागं बसणार नाही. ज्याले बसायचं असन त्यानं बसावं. ठेकेदाराले सांगा, न बसणाऱ्यायचं नाव लिहून घ्या म्हणावं. पहिलं नाव माझं.

भाऊ गेले म्हणून चार्जिंग बंद होत नाही. त्यायनं शिकवलेल्या आम्ही आहो. लाल लाईट कायची, हिरवी कायची, आम्हाले समजते. अर्थिंगमध्ये मीठ किती, पाणी किती, समजते. त्याच्या वरचं काम असन तं वायरमन बोलवू. पण रामटेके भाऊचं काम त्यायच्या नावानं अफवा पसरवून कोणी बंद करत असन, तं मी नाही करू देणार.

आता सगळे उभे राहा. वयनी, तुम्ही बसूनच राहा, तुमचे पाय सुजले आहेत. दोन मिनिटं कोणी बोलू नका. मोबाईल बंद करा.

भाऊ, तुम्हाले अखेरचा जय भीम.

अन् साहेब, ही दोन मिनिटं झाली का मी तुमच्यासमोर येऊन हात पुढं करीन. त्या हातावर शेडची चाबी ठेवा.