सोलर चार्जर दिरांच्या गच्चीवर सापडल्याबाबत

नाव वरच्या रकान्यात लिहिले आहेच. गल्लीत मला शिवणवाल्या काकू म्हणतात. वय ५१, धंदा शिवणकाम, राहणार बेकरीमागची गल्ली, धाकट्या दिरांच्या घराला लागून. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझा मुलगा मालवाहू जहाजावर कामाला आहे. जहाज किनाऱ्याला लागले तरच त्याचा फोन येतो. "हाताला लागलंय, मंगळवारी अकराला बोलतो," एवढेच त्याने कळवले होते.

वादळापासून आमच्याकडे सहा दिवस वीज नाही. मुलाने दिलेला घडीचा सोलर चार्जर मी रोज अंगणाच्या भिंतीवर उघडून ठेवते. पहिल्या दिवशी दीर म्हणाले, "वहिनी, हे खेळणं पोरांना द्या." तिसऱ्या दिवशी त्या खेळण्याला त्यांचाच फोन लावलेला होता. अडला हरी कोणाचे पाय धरतो ते सर्वांना ठाऊक आहे. ते पाय माझे होते, एवढे नोंदवावे.

मंगळवारी साडेआठला मी फोन चार्जरला लावला, तेव्हा दोन टक्के होते. आत जाऊन शाळेच्या सदऱ्यांना बाह्या लावल्या. नऊला बाहेर येऊन पाहते तर भिंतीवर चार्जर नाही. फोन मात्र पायरीवर, सावलीत, रुमालात गुंडाळून ठेवलेला होता. तो बंद पडला होता. चोर इतका काळजीवाहू असतो हे मला माहीत नव्हते.

मी गल्लीभर विचारत फिरले. दिरांनाही विचारले. तेही माझ्याबरोबर शोधू लागले.

साडेअकराला जाऊबाई गच्चीवर गेल्या, त्यांच्या मागोमाग मीही गेले. चार्जर तिथे होता व त्याला त्या दोघांचे फोन लावलेले होते. दीर म्हणाले, "चोरी कसली, वहिनी? तुमच्या भिंतीवर सावली येते, म्हणून उन्हात ठेवला. ऊन काय कुणाच्या बापाचं आहे?" ऊन कोणाच्या बापाचे नाही, हे मला मान्य आहे. चार्जर माझ्या मुलाचा आहे.

बाराच्या सुमारास फोन सुरू झाला. मुलाचा मेसेज आला होता : "आई, तीनदा लावला. जहाज निघालं. पुढच्या मंगळवारी, अकरालाच." हात कसा आहे ते त्यात नव्हते. मला भीती वाटते, हेही लिहावे.

चार्जर मुद्देमाल म्हणून जमा झाला. हवालदारसाहेब तो लोखंडी कपाटात ठेवणार होते. कपाटात ऊन येत नाही, असे मी सुचवले. ठाण्यातही वीज नसल्याने त्यांना ते लगेच पटले. आता चार्जर ठाण्याच्या खिडकीत आहे व त्याला साहेबांचा फोन लावलेला आहे. माझी हरकत नाही. फक्त येत्या मंगळवारी सकाळी तिथे माझा फोन लावू द्यावा. मी शेजारी बसून राहीन.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. एके ठिकाणी 'रडत सांगितले' असे होते, तेवढे खोडायला लावले.