हौदाची साक्ष

—नाही, नाही, अंत्यविधी करणार नाही असं कुठं म्हटलं मी? मीच करणार. या मंडळीचा पाळक मी, तुझे बाबा गेलेत, चार वाजता चर्चमधून निघायचंय—त्यात काही कसूर व्हायची नाही, तू निर्धास्त राहा. बस. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, इकडे बस. फक्त ते हौदाचं—"काका, बाबांना तुमची ती साक्ष फार आवडायची, तेवढी आज सांगा"—ते नको. का म्हणजे? घसा बसलाय माझा. नाही, घसा नाही बसलेला. कशाला खोटं बोलू, आज तरी.

तू तेव्हा सहा-सात वर्षांची. पुढच्या बाकावर पाय हलवत बसायचीस. मी नळकामवाला, आप्पांच्या—माझ्या वडिलांच्या—हाताखाली पान्हा घेऊन फिरायचो, देवाधर्माशी काडीचा संबंध नाही. तेव्हा इथले पाळक तुझे बाबा; त्यांनी निरोप धाडला की व्यासपीठाखालचा बाप्तिस्म्याचा हौद गळतोय. आप्पा म्हणाले, जा तू एकटा, एका दुपारचं काम आहे. कोपऱ्यातला सांधा गेला होता, तो भरला, सुकला तसा हौद काठोकाठ भरला, आणि पाण्याच्या पातळीला हौदाच्या आतल्या फरशीवर पेन्सिलीने रेघ मारली. आमच्या कामात असंच असतं—रेघ मारायची आणि बसायचं. तीन तास. पाणी रेघेवर राहिलं तर आपण मोकळे, खाली आलं तर पुन्हा आहेच. तर तुझे बाबा आले आणि माझ्याशेजारी हौदाच्या काठावर बसले. पाळक म्हणजे आता उपदेश करणार, म्हटलं, ऐकून घेऊ, कान काही झिजत नाहीत. पण त्यांनी विचारलं काय? "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, आप्पा आणि मी. आई वारली चार महिन्यांपूर्वी. तर म्हणाले, "कशी होती रे आई?"

कुणी विचारलंच नव्हतं गं मला. आप्पांनी तर तिचं नाव घेणंच टाकलं होतं, तिची साडीसुद्धा दोरीवरून मीच काढली. आणि हा परका माणूस विचारतोय, कशी होती. मी बोलत सुटलो. मध्येच तुझ्या आईनं चहाला हाक मारली, मी आत जाऊन चहा घेऊन आलो, बघतो तर पाणी रेघेखाली बोटभर. मग पुढच्या शुक्रवारी परत. सगळे सांधे उकरले, परत भरले, परत रेघ, परत गप्पा, परत चहा—परत बोटभर खाली. अकरा शुक्रवार! माझं तर नाक कापल्यासारखं झालं. बाराव्या शुक्रवारी मीच त्यांना म्हटलं, साहेब, प्रार्थना कशी करतात ते सांगा. त्यांनी सांगितलं, मी केली, तोडकीमोडकी, रडतच केली. डोळे उघडून बघतो तर पाणी रेघेवर. बाराव्या शुक्रवारी केसभरसुद्धा हललं नाही ते.

ती ही साक्ष. मंडळीत सांगितली, बायबल शाळेत सांगितली, नंतर गावोगावच्या सभांमध्ये—लोक फर्माईश करायचे, पाळकसाहेब, ते हौदाचं सांगा. माणसाच्या हाताने थांबेना ती गळती देवाने थांबवली. तुझे बाबा पुढच्या बाकावर, आणि सगळ्यांत मोठं आमेन त्यांचं.

आप्पांना त्याच संध्याकाळी सांगितलं होतं मी. ते जेवत होते. घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आपोआप थांबते ती गळती नसते. कुणीतरी पाणी काढत होतं." बस, एवढंच. बेचाळीस वर्षं त्यांनी नळ जोडले होते, त्या माणसाचं ते बोलणं—आणि मला काय वाटलं? की हा माझ्या देवाला खोटं पाडतोय. नाही नाही ते बोललो. घर सोडलं. नऊ वर्षं त्यांचं तोंड पाहिलं नाही, आणि पाहायला गेलो तेव्हा सगळं उरकलं होतं. कुणासाठी सोडलं मी त्यांना? सांग ना, कुणासाठी?

तुला नाहीच ना सांगितलं त्यांनी? वाटलंच. गेल्या महिन्यात प्रभुभोजन द्यायला आलो होतो, तू औषधं आणायला गेली होतीस बघ. भाकर घेतली, द्राक्षरस घेतला, आणि म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. तो हौद तू पहिल्याच दुपारी नीट केला होतास. तू चहाला आत गेलास की मी डबा बुडवून पाणी काढायचो आणि मागच्या झाडांना घालायचो." आणि हसले गं! त्यांना वाटलं मीही हसेन. "काम फार चोख केलं होतंस हो," म्हणे. "तू येत राहावास म्हणून केलं रे, पोरा." सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं हा माणूस पुढे बसून माझी साक्ष ऐकतो, आमेन म्हणतो, आणि एकदाही—मी पेला पुसला, प्रभुभोजनाची पेटी बंद केली आणि उठून आलो. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. ते कुणाच्या डोक्यावर ठेवलं, याचा विचार केला का त्यांनी?

प्रेमापोटी केलं—ठाऊक होतं मला, तू हेच म्हणणार. अगं, प्रेमापोटी फसवलं म्हणून काय फसवलं नाही होत? ती बेकरीवाली बाई, पोटचा पोरगा गेल्यावर अन्न सोडून बसली होती, ती या साक्षीवर उठून उभी राहिली. तिला काय सांगू मी? की बाई, देव नव्हता तो, डबा होता? आणि नाही सांगितलं, तर आज शवपेटीपुढे उभा राहून जाणूनबुजून—

काय? मला कधीच शंका आली नाही?

नाही आली. म्हणजे—हे बघ. हौदातून पाणी गेलं तर ते कुठंतरी निघतं. खालच्या कोठीत मी दर शुक्रवारी उतरून बघायचो, ठणठणीत कोरडी. आणि एकदा चहा घेऊन आलो तर तुझ्या बाबांची बाही कोपरापर्यंत भिजलेली. मी बघितली, त्यांनी बघितलं की मी बघितली. म्हणाले, हात धुतला. मी म्हटलं, बरं. नळकामवाल्याचा मुलगा मी, मला कळत नव्हतं होय? पण काम संपलं असतं ना मग. मग पुढच्या शुक्रवारी मला आईचं कोण विचारणार होतं?

हे मी तुला का सांगतोय. हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

बाबा बोलावतायत, हा मंगळवारचा निरोप? मिळाला होता. बुधवारचाही मिळाला, फोनवर तूच तर होतीस. कमिटीची मीटिंग आहे म्हणून कळवलं मी. मीटिंग वगैरे काही नव्हती. इथंच बसलो होतो, या टेबलाशी, दोन्ही दिवस. तुमचं घर इथून दिसतं, खिडकीचा पडदासुद्धा दिसतो. म्हटलं, बघू देत वाट. थोडं त्यांनाही कळू दे. वाटलं होतं, रविवारी जाईन. रविवारी नक्की गेलो असतो मी.

विचारत होते का माझं? शेवटी काही—नको. नको, सांगू नकोस. ऊठ तू, आई एकटी आहे तिथं, लोक यायला लागले असतील. जा. मी येतो मागून. दार ओढून घे.