फ्लेक्सवरून पुसलेला लघुग्रह

— रडू नको, पुजा. आधी त्या स्टुलावर बस, पंखा तुझ्याकडं करतो. माझीच चूक हाय, कबूल. पर मला सांग, फ्लेक्सवाल्याकडं फोटो आला की त्याचं पहिलं काम काय? डाग काढणं! कळमनुरीत असा एक पुढारी न्हाई ज्याचे मुरूम या प्रेमानंदनं पुसले न्हाईत. अध्यक्षांचा मस्सा गेला, भाऊसाहेबांचं टक्कल झाकलं — त्यात तुझा आभाळाचा फोटो आला. काळं कुट्ट, आन् वर पांढरी खसखस. मला वाटलं, धूळ हाय. मोठे तारे ठेवले, बारीक समदे पुसले. आता मला काय ठाऊक, त्यातलाच एक तू शोधलेला लघुग्रह व्हता! चौकात वीस फुटाचा बोर्ड लागला — 'तांड्याच्या लेकीने शोधला लघुग्रह' — आन् बोर्डावर लघुग्रहच न्हाई.

हे आधी सांगायचं ना! ... सांगितलं व्हतं? व्हय, सांगितलं व्हतं, पर तवा आमदारसाहेबांचा पीए बसलेला इथं, त्याच्यासंगं चहा पिऊन राहिलो व्हतो, अर्धंच ऐकलं. दुर्बिणीचे चार फोटो, चारीत तारे जागच्या जागी, एकच ठिपका जरा-जरा सरकलेला — बराबर? मंगळ आन् गुरूच्या मधी असे लाखो फिरतेत. म्हंजे आपल्या बोर्डावरच्या शुभेच्छुकांसारखंच, मधी साहेब आन् भोवती बारीक मुंडकी! आन् सूर्याला एक चक्कर माराया तुझ्या ठिपक्याला सव्वाचार वर्सं. तो पीए म्हणे, ग्रहाला साहेबांचं नाव टाका. बरं झालं तू बोललीस — आता नुसता तात्पुरता नंबर, पुन्हा-पुन्हा दिसला, फिरायचा रस्ता पक्का झाला, की कायमचा नंबर, मंग नाव. आन् पुढाऱ्याचं नाव द्यायचं तर त्याला मरून शंभर वर्सं व्हावी लागतेत. पीए चहा अर्धा सोडून गेला.

तर आता काय करायचं? सत्काराचा कार्यक्रम अकरा वाजता, माझ्याकडली फाईल मी पुसूनच सेव्ह केली, आन् तुझी मूळ फाईल नांदेडला हॉस्टेलातल्या कॉम्प्युटरवर. मी म्हणतो, धा मिनटात नवा तुकडा छापून चिकटवतो, कुठंबी एक ठिपका ठेवतो — कोणाला कळते? मान काहून हलवून राहिली? ... तुला कळते. बरं. तुला कळते.

मला बी कळते, पोरी. तो भिंतीवरचा फोटो बघ — माझी माय, केशरबाई. लोक म्हंतेत, किती साफ आला. साफच येणार! तिच्या तोंडावर गोंदण व्हतं, एकच हिरवा ठिपका. मी नवा-नवा कॉम्प्युटर शिकलो, हात शिवशिवत व्हता — पुसलं. आन् त्याच फाईलवर सेव्ह केलं. कागदाचा फोटो गळतीत भिजून गेला. दुसरा फोटोच न्हाई तिचा. माय गेल्यावर श्रद्धांजलीचा बोर्ड करायला बसलो, तर माय न्हाईच, कोणतरी मास्तरीणबाई माझ्याकडं बघून राहिलेली. लई लाज वाटली. मंग ठिपका परत लावला, डाव्या गालावर. बहीण म्हणली, उजव्या. पुढच्या साली उजव्यावर लावला, तर मामा म्हणला, हनुवटीवर व्हता. अकरा वर्सं झाले, दर स्मृतिदिनाला जागा बदलून राहिलो. रोज हातची भाकर खाल्ली, आन् तोंड ध्यानात न्हाई. तुझा तो ग्रह सव्वाचार वर्सांत जाग्यावर तरी येते. मायचा ठिपका फिरूनच राहिला.

हसू आलं? हस, हस.

इकडं ये. माझ्या स्क्रीनला कोणी बोट लावलं तर मी हात झटकतो, पर तू लाव. तीन आठवडे याच फोटोला डोळे लावून बसली व्हतीस ना? मंग आठव. घाई न्हाई. त्या दोन ताऱ्यांच्या खाली? ... अजून खाली? ... पक्कं? थांब, बोट हलवू नको, खूण करतो. — हां. घे. आला तुझा लघुग्रह.

जाय आता, तोंड धू, स्टेजवर बसायचं हाय. तुकडा छापून मी चौकातल्या बोर्डाला चिकटवतो. आन् नाव द्यायची वेळ आली की — न्हाई, काही न्हाई. जाय.

अगं, ओढणी काहून लावून राहिली काचेला? बोटाचा डाग? नको, नको — पुसू नको! राहू दे म्हणलं ना. जाय.