पाखरू एसटीची वाट बघायलंय का?

व्यासपीठावर विराजमान असलेले अध्यक्ष दिनकरराव, प्राचार्य महोदय, आज निवृत्त होणाऱ्या प्राणिशास्त्राच्या डॉ. मनिषा वाव्हळे मॅडम, आणि पंख्याखालची जागा पकडून बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो! मी भूगोलाचा भागवत. माझं लक्ष सारखं फाटकातल्या जीपकडे जातंय, तेवढं चालवून घ्या.

मॅडमचं काम काय? धाविक नावाचा माळावरचा पक्षी कुठे राहू शकेल, याचा नकाशा करणं. तो जिथे दिसला त्या जागा संगणकाला द्यायच्या. तिथलं ऊन, पाऊस, मुरूम, गवताची उंची सांगायची. मग संगणक तशाच दुसऱ्या जागा शोधतो. सोयरीक जुळवताना आपण घरदार बघतो, तसंच.

पहिला नकाशा आमची विद्यार्थिनी राजनंदिनी नाचतच घेऊन आली. सगळे धाविक गंगाखेड-पालम रस्त्याच्या कडेला! मॅडमनी चष्मा वर केला. "काय गं, पाखरू एसटीची वाट बघायलंय का?" झालं होतं असं, की आमच्या पोरांनी सगळ्या नोंदी एसटीच्या खिडकीतून केल्या होत्या. मग मॅडमनी सगळ्यांना उन्हातान्हात पायी हिंडवलं. राणीसावरगावच्या पलीकडच्या माळावर धाविक सापडला, तोही अंड्यांवर बसलेला. दुसरा नकाशा झाला, त्यात तो माळ आला.

हसलात? मला आज हसू येत नाही. पहिला नकाशा आम्ही कौतुकानं गावभर वाटला होता. त्या माळावर खडी क्रशर मागणाऱ्यांनी नेमका तोच अर्जाला जोडलाय. त्यात माळ कोरा आहे. कोरा, कारण तिथे कुणी गेलंच नव्हतं. पण बघणारा म्हणतो, तिथे काही नाही! आज तिथे सरकारी पाहणी आहे. मघाशी माळावरून राजनंदिनीचा फोन आला, "सर, साहेब लोक आलेत. नकाशा कुणी केला, विचारायलेत. मॅडमला लौकर आणा."

अध्यक्ष महोदय, शाल यायची आहे म्हणून मला बोलत राहायला सांगितलंय. पण शालीसाठी माळ थांबेल का? उद्या मॅडम तिथे गेल्या, तर "बाई, तुमी कोण?" म्हणतील. आज त्या विभागप्रमुख आहेत. आजच्या त्यांच्या शब्दाला वजन आहे. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. मॅडम, भर समारंभातून उठणं तुम्हाला प्रशस्त वाटणार नाही, पण मी हात जोडून विनंती करतो...

अहो, मॅडमची खुर्ची रिकामी? हार तेवढा खुर्चीवर राहिलाय! मंडळी, ऐकलंत? जीपमधून ओरडायल्यात, "भागवत, तुमी काय एसटीची वाट बघायलात का?"

सर्वांचे आभार. जास्त-कमी बोललो असेन तर पोटात घाला. अध्यक्ष महोदय, निघायची परवानगी... परत आल्यावर घेतो!