पाठीच्या उंचीवर

पुंजाजी : पुन्हा ठोक, कडूबा. इथी अजून गुळगुळीत लागते.

कडूबा : पुंजाजीभाऊ, न्हानीची फरशी हाये ही. याच्यापेक्षा जास्त टाकी मारली त तळवे सोलतीन बाईमानसाचे.

पुंजाजी : सोलू दे. घसरन त नाही ना? तुनंच बसवली होती ना बे ती पयली फरशी, काचेवानी?

कडूबा : तुमीच म्हनले होते, अख्ख्या पिंपळगाव राजात कोनाच्या न्हानीत नसन अशी चकचकीत पायजे.

पुंजाजी : म्हनलो होतो. आता म्हनतो खरबरीत पायजे. मानसानं बदलू नाही काय?

रुखमाबाई : अवो, त्यायले त्यायचं काम करू द्या. बाजेवर पडल्या पडल्या आयकून आयकून माहंच डोकं ठनकलं.

पुंजाजी : तू पडून राह्य. तुह्यासाठीच चाललं हे. दिवाळीच्या आंघोळीले माह्या पाठीचं तेल फरशीवर सांडलं अन् त्याच्यावरूनच तुहा पाय गेला. आता त्या जागी तेलाचा डबा उपडा केला तरी पाय सरकला नाही पायजे. समजलं काय, कडूबा?

कडूबा : समजलं. दरजा भराले बारीक वाळू लागीन आता. फरशीच्या फटीत जाड वाळू बसत नाही.

पुंजाजी : मीच चाळून आनतो गोठ्यातून. दुसऱ्याच्या हातची चाळन मले पटत नाही. आन बसाचा दगड ठेंगना ठेवजो, तिचे पाय जमिनीले टेकले पायजे. होळीपर्यंत ती आपल्या पायानं जाईन न्हानीत. पाह्यजो तू.

कडूबा : हाव.

रुखमाबाई : गेले काय हे?

कडूबा : गेले. चाळनी घेऊन गेले.

रुखमाबाई : मंग दाराजवळ येऊन बसा जराक, कडूबाभाऊ. मोठ्यानं बोलवत नाही आता. मले सांगा, न्हानी कोनासाठी करून राह्यले तुमी?

कडूबा : तुमच्यासाठी, वयनी. भाऊ म्हनते ना.

रुखमाबाई : ते म्हनतेच. तुमाले काय वाटते?

कडूबा : मी गवंडी मानूस. मले भिंतीचं समजते.

रुखमाबाई : खामगावच्या डाक्टरनं आमच्या दोघायच्या समोर सांगतलं, या वयात खुब्याचं हाड जुळत नाही. यायनं तेवढं सोडून बाकीचं आयकलं. आराम करा, दूध प्या. माही पाठ फुटली पडून पडून. माही लेक चांगुणा बिचारी आपल्या लेकरायले वडनेरले सासूजवळ ठेवून आली अन् इथी मले पुसते, पट्ट्या बांधते. होळी नाही दिसत मले, भाऊ.

कडूबा : असं नका बोलू, वयनी.

रुखमाबाई : मंग कोनापाशी बोलू? यायच्यापुढे तोंड उघडलं की हे उठून गोठ्यात जाऊन बसते. बैलाच्या आंगावरून हात फिरवत राह्यते. चांगुणानं पाह्यलं, रडते तिथी.

कडूबा : ...काय करू सांगा.

रुखमाबाई : न्हानी यायच्या मापाची करा.

कडूबा : म्हनजे?

रुखमाबाई : बसाचा दगड उंच करा. यायचे गुडघे वाकत नाही, खाली बसले त उठता येत नाही. मी हात देते तवा उठते, आन लोकायले सांगते की मी जवान गडी हाये. पान्याचा हंडा डाव्या हाताले ठेवा. बैलानं खांदा मोडला तवापासून उजवा हात वर जातच नाही.

कडूबा : हे त गावात कोनालेच माहीत नाही.

रुखमाबाई : माहीत होऊ दिलं तवा ना. दुसरं एक हाये. त्या कोठीतलं जातं हाये ना, त्याचा वरचा दगड काढा.

कडूबा : जात्याचा? काऊन?

रुखमाबाई : गावात चक्की आली. चांगुणा आपल्या घरी जाईन. कोन दळनार हाये? तो दगड न्हानीच्या भिंतीत बसवा. यायच्या पाठीच्या उंचीवर.

कडूबा : नाही वयनी. चांगुणाच्या लग्नात हळद दळली त्याच्यावर, सुपारी बांधली त्याले. लक्ष्मी हाये ते. न्हानीत बसवू काय मी? माही बायको घरात घेनार नाही मले.

रुखमाबाई : पायाखाली घाला म्हनलं काय मी? पाय नाही लागनार त्याले. पाठ लागीन. यायचा हात पाठीले पोचत नाही, भाऊ. लग्न झालं तवापासून मीच चोळते. मी गेल्यावर कोनाले म्हननार हे, माही पाठ चोळून दे म्हनून? तसेच राह्यतीन, मळ घेऊन. मले मरनाचं काही नाही वाटत. ह्याचंच वाटते.

कडूबा : ...नवी टाकी मारून देऊ काय त्याले?

रुखमाबाई : नका मारू. दळून दळून झिजलं ते, माह्या हातावानी झालं. पाठीले तेवढंच सोसते.

कडूबा : भाऊनं इचारलं त काय सांगू?

रुखमाबाई : साबन ठेवाले म्हना. आले पाहा, खोकून राह्यले. उठा.

(दरजा वाळल्यावर, सकाळी. तोवर कडूबानं न्हाणीत कोणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं.)

पुंजाजी : वत अजून तेल.

कडूबा : भाऊ, आख्खी बाटली रिकामी झाली.

पुंजाजी : होऊ दे. हे पाह्य, उभा राह्यलो. हे पाह्य, रेटा देला. अवं, आयकलं काय? तेलातबी पाय सरकत नाही!

रुखमाबाई : बरं झालं.

पुंजाजी : नंबर एक काम केलं बे कडूबा. पन हा बसाचा दगड उंच काऊन केला? तिचे पाय लोंबतीन ना.

रुखमाबाई : म्याच सांगतलं. उंचावरून उठाले बरं पडते.

पुंजाजी : आन हंडा डावीकडे? तू त उजव्या हातानं पानी घेतं.

रुखमाबाई : आता घेईन डाव्यानं.

पुंजाजी : आन हे भिंतीत काय हाये? हे त... हे आपलं जातं हाये.

कडूबा : साबन ठेवाले, भाऊ.

पुंजाजी : उभ्या दगडावर साबन राह्यते काय बे? मले शिकवतं? आन एवढ्या उंचीवर तिचा हात तरी पोचन काय? हे त बराबर माह्या पाठीच्या... कडूबा, काढ ते. आताच्या आता काढ.

कडूबा : सिमिट धरलं, भाऊ. काढतो म्हनलं त भिंत फुटीन.

पुंजाजी : फुटू दे भिंत! मले दगड नाही पायजे पाठीले. मी सांगतलं होतं तुले, न्हानी तिच्यासाठी करजो. मी तेलानं पाडलं तिले, मीच चालवनार होतो तिले या फरशीवर.

रुखमाबाई : तुमी नाही पाडलं. कोनीच नाही पाडलं. अवो, इकडे पाहा. त्यायच्यावर नका वरडू, त्यायनं माहं आयकलं.

पुंजाजी : तू मले न इचारता सगळं ठरवून टाकलं.

रुखमाबाई : इचारलं असतं त तुमी गोठ्यात गेले असते. सदरा काढा आन टेकून पाहा एकदा. मले इथून बाजेवरून दिसते. उंची चुकली असन त कडूबाभाऊ गेल्यावर कोन दुरुस्त करीन?

पुंजाजी : नाही टेकत मी.

रुखमाबाई : माह्यासाठी टेका.

कडूबा : टेका, भाऊ. मी पाठमोरा होतो.

रुखमाबाई : जराक डावीकडे सरका. हाव, तिथी. त्या मोडक्या खांद्याच्या खालीच मळ राह्यते तुमचा. लागला काय तिथी?

पुंजाजी : लागला.

रुखमाबाई : मंग रडता काऊन?

पुंजाजी : थंड हाये.

रुखमाबाई : माहा हातबी पयल्या दिवशी थंडच लागला होता तुमाले.