भोकं तेवढी बुजवा

हसू नका आधीच. काठीनं बॉल मारून खेळायचा एक जुना पूल टेबल घेतला, इथपर्यंत माझं काहीच चुकलं नव्हतं. टेबल हॉलमध्ये आला, सोफा गॅलरीत गेला आणि बायकोनं अबोला धरला. वरचं हिरवं कापड चांगलं होतं, पण लाकडाला कीड लागून बारीक बारीक भोकं पडली होती. मी रोज पॉलिश पेपर घासत बसायचो; भोकांत भरायला लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबाही आणून ठेवला होता. तेवढ्यात माळशिरसहून मामा आले. मामांना रिकामं बसवत नाही.

"काय काम असंल तर सांग की."

मला ऑफिसला उशीर झालेला. हेल्मेट घालता घालता म्हणालो, "मामा, टेबलाची भोकं तेवढी लांबी भरून बुजवा. एकसुद्धा दिसायला नको."

संध्याकाळी बघतो तर लाकूड आरशासारखं गुळगुळीत! मामा घाम पुसत म्हणाले, "बारकी भोकं लगीच बुजली. पर ती सहा मोठी, त्यांनी लई दमवलं बघ. लांबी पुरंना. शेवटी फळीच्या चकत्या कापून ठोकल्या."

मी टेबलाभोवती फिरून चकत्या मोजल्या. सहाच्या सहा!

"उंदरानंच पाडली असणार," मामा म्हणाले. "धरायला खाली जाळ्याबी लावल्या हुत्या की."

"अहो मामा, त्याच भोकांत बॉल घालवायचे असतात! त्यावरच हारजीत ठरते!"

मामांनी टेबलावरून प्रेमानं हात फिरवला.

"मग बरंच झालं की! आता बॉलबी हरवायचा न्हाय, आन माणूसबी हरायचा न्हाय."