दादाला सगळं सांगितलं

शर्यतीच्या रांगेत माझ्या पुढच्या गाडीत एक मुलगी बसली होती. तिचे बाबा खिडकीशी वाकून बोलत होते.

“मागच्या वेळी पुढची चाकं जागच्या जागी फिरत राहिली.”

“सुटताना वजन मागे जातं, बाबा, आणि गाडी ओढणारी पुढची चाकंच हलकी पडतात. आता मागच्या स्प्रिंगा कडक केल्यात आणि पुढच्या टायरांतली हवा थोडी उतरवलीय.”

“आणि क्लच?”

“झटक्यात सोडणार नाही.”

“दादाला यातलं काही बोलली नाहीस ना?”

“सगळं सांगितलं. त्यानेही तसंच करून घेतलंय.”

“अगं, तो तुझ्याविरुद्धच उतरतोय.”

“म्हणून तर सांगितलं. हरल्यावर गाडीच्या माथी खापर फोडता येणार नाही त्याला.”